देवघेव आणि सामाईक विहीर

आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरांत मीठ व साखर यांच्या बरण्या शेजारीं शेजारीं असतात. दोन्ही पदार्थ पांढरे, दोन्ही दाणेदार, दोन्ही पाण्यांत विरघळणारे. परंतु तव्यावर तापविले असतां साखर लवकरच वितळून काळी पडते. मीठ मात्र तडतडलें तरी वितळत नाहीं. तें वितळण्यास सुमारें ८०१ अंश सेंटिग्रेड तपमान लागतें. हा भेद कां पडावा? याचें उत्तर परमाणु एकमेकांशीं कसे बांधले जातात यांत आहे.

परमाणूच्या मध्यभागीं धन विद्युद्भाराचें केंद्रक असून त्याच्या भोंवतीं इलेक्ट्रॉन नांवाचे ऋण कण असतात. बाहेरच्या कवचांत आठ इलेक्ट्रॉन झाले म्हणजे बहुतेक परमाणु स्थिर होतात. हायड्रोजनला दोन पुरतात.

सोडियमच्या ११ इलेक्ट्रॉनांपैकीं बाहेरच्या कवचांत एकच असतो, तर क्लोरीनच्या १७ पैकीं सात. सोडियम आपला एक देऊन टाकतो व क्लोरीन तो घेतो. देणारा धन होतो, घेणारा ऋण होतो, आणि दोघे परस्परांस ओढून धरतात. हाच आयनिक बंध. सोडियम ही पाण्याशीं झपाट्यानें झगडणारी धातु, क्लोरीन हा विषारी वायु. तरी त्यांच्या संयोगानें आपल्या अन्नाला चव येते! याच मिठासाठीं १९३० च्या मे महिन्यांत तेव्हांच्या रत्नागिरी जिल्ह्यांतील शिरोडें येथें सत्याग्रह झाला. मिठागरांत उन्हानें पाणी उडून गेलें म्हणजे हे कण घनाकृति स्फटिकांत रचले जातात. तेथें प्रत्येक सोडियम-कणास सहा क्लोरीन-कण वेढून असतात; म्हणूनच ती रचना मोडण्यास एवढी उष्णता लागते.

साखरेची रीत निराळी. आपल्या कोंकणांत दोन घरांत मिळून एक सामाईक विहीर असते. पाणी दोघांचेंही असतें. त्याप्रमाणें साखरेंतील कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे परमाणु इलेक्ट्रॉनांच्या जोड्या सामाईक ठेवतात. हा सहसंयुज बंध. अशा ४५ परमाणूंचा साखरेचा एक रेणु होतो. रेणूच्या आंतील बंध बळकट असतात, पण एका रेणूची दुसऱ्यावरील ओढ त्या मानानें दुबळी असते. म्हणून साखर लवकर वितळते.

१९१६ सालीं जर्मनींत कोसेल यांनीं देवघेवीची व अमेरिकेंत लुईस यांनीं भागीदारीची कल्पना मांडली. तिची प्रचीति प्रयोगशाळेंत, शिक्षकांसमोर, विजेच्या लहान घटांनीं घेतां येते. मिठाच्या पाण्यांतून वीज वाहते, कारण त्यांत विद्युद्भारित कण मोकळे फिरतात. साखरेचे रेणु भाररहित असल्यामुळें ते वीज वाहून नेत नाहींत.

ही गोष्ट केवळ परीक्षेपुरती नव्हे. आपल्या घामांत मीठ आहे, समुद्राच्या पाण्यांतही आहे. म्हणून खेळून घामेजलेल्या किंवा समुद्रावरून ओल्या आलेल्या हातांनीं विजेच्या बटणास कधींही स्पर्श करूं नये. सोडियमनें क्लोरीनला दिलेला तो एक इलेक्ट्रॉन आपल्या जेवणास रुचि आणतो. त्याचा गुण ओळखून वागलें तर जीवही वांचवितो.