लशीचा जोडीदार

“दंडावर बी.सी.जी.चा वण आहे, मग आमच्या तरण्या मुलाला क्षय झालाच कसा?” असे आईबाप विचारतात, आणि गावात हे उत्तर पुष्कळदा गुरुजींनाच द्यावे लागते.

लस खोटी नाही. तिचे बळ तोकडे पडते. फ्रान्समध्ये काल्मेत आणि गेराँ या दोघांनी गुरांच्या क्षयाचा जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्त यांवर तेरा वर्षे, २३० वेळा नव्याने वाढवला. जंतू जिवंत राहिला, पण त्याची नांगी मोडली. १९२१ साली पॅरिसमध्ये ही लस पहिल्या बालकाला दिली. लहान मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय ती पुष्कळ अंशी टाळते, म्हणून तान्ह्या बाळाला ती टोचून घ्यावीच. पण तामिळनाडूतील चेंगलपट्टू भागात १९६८ साली सुमारे अडीच लाख लोकांची चाचणी सुरू झाली, तीत मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे लशीचे काही चालले नाही. तेव्हा दोन आठवडे खोकला हटत नसेल, तर वण पाहून स्वस्थ बसू नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, पैसे पडत नाहीत.

असे का व्हावे? आपल्या अंगात जंतू गिळणाऱ्या पेशी असतात. पुष्कळसे जंतू त्यांच्या पोटात मरतात. क्षयाचा जंतू मोठा बिलंदर. तो चौकीदाराच्याच घरात बिऱ्हाड थाटतो! त्याला मारायचे तर टी पेशी नावाच्या दुसऱ्या पेशींनी येऊन या चौकीदाराला जोर द्यावा लागतो. म्हणजे लशीने शत्रूची नुसती ओळख करून देऊन भागत नाही. टी पेशींना खडबडून जागे करावे लागते.

एम-७२ या नव्या लशीत क्षयजंतूची दोन प्रथिने जोडून घेतली आहेत. पण नुसते प्रथिन टोचले, तर शरीर त्याची फारशी दखल घेत नाही. म्हणून सोबत एक जोडीदार देतात. आपल्या रिठ्याला फेस येतो ना, तो सॅपोनिनमुळे. चिली देशातील क्विलाया झाडाच्या सालीतही सॅपोनिन असते. त्यातला एक शुद्ध अंश आणि दुसऱ्या एका जंतूच्या कवचातला, विखार काढलेला स्निग्ध पदार्थ, असा हा जोडीदार. तो शरीरात धोक्याची घंटा वाजवतो. (रिठ्याचे पाणी मात्र औषध म्हणून कोणी पिऊ नये, बरे का!)

केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबिया येथे लागण झालेल्या, पण आजारी नसलेल्या सुमारे साडेतीन हजार प्रौढांवर ही जोडी तपासली. निम्म्यांना खरी लस दिली, निम्म्यांना नुसते पाणी वाटावे असे बिनऔषधी इंजेक्शन. तीन वर्षांत बिनऔषधी गटात २६ जणांना फुप्फुसाचा क्षय झाला, लस घेतलेल्यांत १३ जणांना. हा निकाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. निम्म्याने घट खरी, पण आकडे लहान. एवढ्यावर गावोगाव लस नेता येत नाही. म्हणून २०२४ साली दक्षिण आफ्रिकेतून पुढची चाचणी सुरू झाली, ती वीस हजारांपर्यंत माणसे घेऊन.