आज्ञा चालत नाही तेव्हा



संगणकावरील चित्रावर माउसने टिचकी मारली की प्रोग्राम उघडतो, हे तुम्हांला माहीत आहे. पण काही प्रोग्रामना चित्र नसते आणि बटणेही नसतात. त्यांना कळफलकावरून लेखी आज्ञा द्यावी लागते. १९८१ साली आलेल्या डॉस या प्रणालीवर सगळे काम असेच चाले. आजच्या विंडोजमध्येही ही सोय आहे. शोधपट्टीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करून एंटर दाबले की एक काळी खिडकी उघडते. तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. तिच्यात आज्ञा टाइप करायची आणि पुन्हा एंटरची कळ दाबायची. या पाठात आज्ञा देवनागरीत छापल्या आहेत. संगणकावर मात्र त्या इंग्रजी अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.

आज्ञा दिली आणि प्रोग्राम चाललाच नाही, तर काय करावे? मालेगावात आमच्या शेजारी घडलेली गोष्ट सांगतो.

आमचे शेजारी यंत्रमागावर काम करतात. त्यांनी नववीतल्या मुलासाठी एक जुना संगणक घेतला होता. मुलाच्या फुफीच्या लग्नाचा व्हिडिओ त्या संगणकात ठेवलेला होता. लग्नानंतर वर्षभरातच दादीजानचे निधन झाले. त्यांचा आवाज आता त्या एका व्हिडिओतच उरला होता. अब्बूंकडे साधा, बटणांचा फोन होता. त्यावर गाणी वाजत, पण हा मोठा व्हिडिओ चालत नसे. व्हिडिओतला आवाज तेवढा वेगळा काढला, तर अब्बूंना कामावर जाता-येता तो ऐकता येईल, असे मुलाच्या मनात आले.

हे काम एफएफएमपेग नावाचा प्रोग्राम करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली त्याची सुरुवात केली. तो मोफत मिळतो. मुलाने तो इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि सवयीप्रमाणे त्यावर दोनदा टिचकी मारली. काळी खिडकी क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. मग त्याने कमांड प्रॉम्प्ट उघडून त्यात प्रोग्रामचे नाव टाइप केले. उत्तर आले, ‘इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’.

तो घाबरला. बाजारातल्या एका दुकानदाराला त्याने विचारले. दुकानदाराने संगणक न पाहताच सांगितले, “विंडोज खराब झाली. सगळे पुसून नवीन टाकावी लागेल.” सगळे पुसायचे म्हणजे तो व्हिडिओही पुसायचा!

मुलगा रडवेला होऊन माझ्याकडे आला. “चाचा, अब्बूंचे पैसे वाया गेले,” तो म्हणाला.

मी त्याच्या घरी गेलो. सर्वांत आधी आम्ही त्या व्हिडिओची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेतली. मग मी म्हणालो, “बेटा, आता पडद्यावर काय लिहिले आहे ते पूर्ण वाच.”

तुम्हीही तो संदेश नीट वाचा. संगणक बिघडला, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. ‘या नावाची आज्ञा मला ओळखता आली नाही’, एवढाच त्याचा अर्थ. डॉसच्या काळात याच ठिकाणी ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’ असे शब्द येत. त्यातला ‘बॅड’ हा शब्द वाचून माणसाला उगाच गुन्हेगार झाल्यासारखे वाटे. अर्थ मात्र तेव्हाही हाच होता.

मग संगणकाला ते नाव का सापडले नाही? समजा, तुमच्या शाळेच्या शिपायाला वर्गांची एक यादी दिली आहे. एखाद्या मुलाला बोलावून आणायला सांगितले, की तो यादीतल्या वर्गांत क्रमाने डोकावतो. तुमचा वर्ग नुकताच नव्या इमारतीत गेला आहे आणि यादीत त्याचे नाव नाही. शिपाई परत येऊन सांगेल, “असा मुलगा सापडला नाही.” तुम्ही तर शाळेतच आहात! चूक तुमची नाही आणि शिपायाचीही नाही. यादी अपुरी आहे.

संगणकाजवळ अशीच एक यादी असते. तिचे नाव पाथ, म्हणजे रस्ता. कमांड प्रॉम्प्टमध्ये नाव टाइप केले की संगणक आधी तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तेथे पाहतो. तेथे नाही सापडले, तर पाथमधील फोल्डर एकेक करून तपासतो. इतर ठिकाणी तो शोधत नाही. ‘पाथ’ एवढाच शब्द टाइप करून एंटर दाबा, म्हणजे ती यादी तुम्हांला दिसेल. आणि ‘व्हेअर’ हा शब्द लिहून, थोडी जागा सोडून प्रोग्रामचे नाव लिहिले, तर तो प्रोग्राम कोठे सापडतो हे संगणक सांगतो.

मुलाचा प्रोग्राम उतरवलेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये होता आणि तोही दाबून बांधलेल्या, म्हणजे झिप केलेल्या गाठोड्यात. आम्ही ते गाठोडे सोडले. सी ड्राइव्हवर एफएफएमपेग नावाचा फोल्डर करून सर्व सामान त्यात ठेवले. त्यात बिन नावाचा आणखी एक फोल्डर होता. खरा प्रोग्राम त्यात होता. पुष्कळांची चूक येथेच होते. ते बाहेरच्या फोल्डरचा पत्ता देतात आणि आतल्या फोल्डरचा विसरतात.

मग विंडोजच्या शोधपट्टीत ‘एन्व्हायर्नमेंट’ असे टाइप केले. ‘एडिट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स फॉर युवर अकाउंट’ हा पर्याय उघडला. त्यात पाथ निवडून ‘एडिट’ व नंतर ‘न्यू’ दाबले आणि बिन फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहिला. येथे फार जपून काम करावे लागते. यादीत आधी असलेल्या ओळी कधीही पुसू नका. त्या पुसल्या तर आज चालणारे प्रोग्रामही उद्या सापडेनासे होतील. आपली ओळ फक्त जोडायची.

मुलाने उत्साहाने पुन्हा आज्ञा दिली. तेच उत्तर! त्याचा चेहरा उतरला. कारण साधे होते. काळी खिडकी उघडते त्या वेळी पाथची यादी जशी असेल, तशीच ती घेऊन बसते. नंतर केलेला बदल तिला कळत नाही. आम्ही ती खिडकी बंद करून नवी उघडली. या वेळी पडदा अक्षरांनी भरून गेला. प्रोग्राम सापडला होता. दोनदा टिचकी मारल्यावर खिडकी का नाहीशी झाली होती, हेही त्याला आता कळले. काय करायचे हे न सांगताच बोलावले, म्हणून प्रोग्रामने माहिती छापली आणि तो थांबला. त्याच्याबरोबर खिडकीही मिटली.

विंडोजमध्ये पॉवरशेल नावाची दुसरी एक खिडकी असते. दिसायला ती जवळजवळ सारखीच. पण तुम्ही उभे असलेल्या फोल्डरमध्ये ती आपणहून पाहत नाही. तेथे प्रोग्रामच्या नावाआधी टिंब आणि उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. लिनक्समध्येही असेच आहे, फक्त तेथे रेघ सुलटी असते. शिवाय लिनक्स लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानते.

संदेश वेगळा असेल तर कारणही वेगळे असते. एखादी डीएलएल फाइल सापडली नाही असे लिहून आले, तर प्रोग्राम सापडला आहे, पण त्याला लागणारा जोडीदार सापडलेला नाही. तो जोडीदार मूळ कंपनीच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. कुठल्याही अनोळखी ठिकाणाहून डीएलएल फाइल आणली, तर तिच्याबरोबर विषाणूही येऊ शकतो. प्रोग्राम तुमच्या संगणकावर चालू शकत नाही असा संदेश आला, तर फाइल अर्धवट उतरली आहे का ते पाहा. तसे नसेल तर संगणकाचा प्रकार पाहा. ६४ बिटांचा प्रोग्राम ३२ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. तेथे पाथमध्ये कितीही बदल केला तरी उपयोग होत नाही.

आमच्या मुलाला आणखी एक अडचण आली. त्याने व्हिडिओ असलेल्या फोल्डरमध्ये जाऊन आज्ञा दिली. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे उत्तर आले, म्हणजे अशी फाइल नाही. या वेळी मात्र तो घाबरला नाही. “चाचा, प्रोग्राम सापडला. आता फाइल सापडत नाही,” तो म्हणाला. फाइलचे नाव होते ‘शादी व्हिडिओ’. मध्ये मोकळी जागा असल्यामुळे संगणकाने ‘शादी’ एवढेच नाव धरले होते. अशा वेळी पूर्ण नाव दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावे लागते. मुलाने तसे लिहिले. पडद्यावर आकडे धावू लागले. थोड्या वेळाने फोल्डरमध्ये ‘दादी’ नावाची एक नवी फाइल दिसली.

संध्याकाळी अब्बू कामावरून आले. मुलाने ती फाइल त्यांच्या फोनमध्ये घातली. अब्बूंनी फोन कानाला लावला. बराच वेळ नुसता बँडचा गलका होता. मग त्यातून दादीजानचा आवाज आला. त्या कोणाला तरी ओरडून विचारत होत्या, “अरे, मेहमानों को पानी दिया के नहीं?”