घर लहान, मशीन मोठी

अकोल्यात आमच्याकडून अस्तर व बकरम नेणारे एक टेलर मियाँ-बीवी घरकुलात जाण्याच्या तयारीत आहेत. मंजुरी २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेतली (शहरी). स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख. घर ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट. रक्कम मात्र बांधकामाच्या टप्प्यांनी येते, म्हणून विटा-सिमेंटची उधारी डोक्यावर आहे.

खरा सवाल धंद्याचा. कापायचे टेबल, शिलाई मशीन आणि इंटरलॉक ठेवायचे कुठे? बाहेर गाळा घेतला तर भाडे कमाई खाईल. बीवीने फैसला दिला : पलंग विका, मशीन आत राहील. आता भिंतीला बिजागरीची फळी लागेल. दिवसा तीवर कापड कापायचे, रात्री ती मिटून अंथरूण टाकायचे. मशीन खिडकीपाशी, कापड माळ्यावर.

अमरावती-अकोल्याच्या व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. अशा कारागिरांकडे माल साठवायला जागा नसते. त्यांच्यावर पूर्ण थानाची सक्ती करू नका. लागेल तेवढे मीटर द्या, हिशेब आठवड्याचा ठेवा. त्यांची मशीन चालली तरच आपले कापड खपेल.