भांडण टीएमसीचे, दुखणे मिठाचे

अहिल्यानगर जिल्ह्यात पाण्याचे राजकारण टीएमसीत (अब्ज घनफुटांत) चालते. जायकवाडीला किती सोडायचे, भंडारदऱ्याचे आवर्तन कधी, पाणी शेवटच्या चारीला पोचले का. 1970 पासून कागदावर असलेल्या निळवंडे धरणाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण 26 ऑक्टोबर 2023 रोजी झाले, तेव्हाही लाभ मिळणाऱ्या 182 गावांचा आकडाच सगळीकडे झळकला. धरणाचे पाणी गोडे आहे, ही त्याची सर्वांत मोलाची गोष्ट मात्र मागेच राहिली.

विहीर मचूळ लागली, असे राहुरी-श्रीरामपूरकडे सहज बोलले जाते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही. उन्हाळ्यात सरीच्या वरंब्यावर पांढरी फक्की दिसते, तीही नजरेला सरावलेली. पण हिशेब मांडा. विद्युतवाहकता 2 डेसीसायमन प्रतिमीटर असलेल्या एक लिटर पाण्यात साधारण सव्वा ग्रॅम क्षार असतात. एका एकराला हंगामात एकूण 100 सेंटिमीटर पाणी दिले, तर ते 40 लाख लिटर होते आणि त्याबरोबर 5 टन क्षार रानात येतात. उसाला याच्या दुप्पट पाणी लागते. पीक पाणी घेते, मीठ बहुतेक मागेच राहते. कापूस आणि गहू ते बरेच सोसतात. कांदा लवकर मान टाकतो, आणि हा तर कांद्याचा जिल्हा.

कोकणातल्या खारजमिनीचे दुखणे समुद्रातून येते, पण इलाज आभाळातून. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने भाताचे क्षार सोसणारे वाण दिले आहेत. तरी खरा भार उचलतो तो 2,000 मिलिमीटरच्या वरचा पाऊस. तो वरच्या थरातले मीठ धुऊन काढतो. अहिल्यानगरच्या वाट्याला जेमतेम 500 ते 600 मिलिमीटर. समुद्र दूर, आणि मीठ धुवायलाही कोणी नाही.

पण गोडे पाणी आले म्हणजे सुटलो, असेही नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी 1910 मध्येच नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर पुस्तिका लिहिली. नीरेचे पाणी काही खारे नव्हते. पण काळ्या रानात ते सढळ हाताने दिले, निचरा झाला नाही, भूजल वर चढले आणि खालचे क्षार घेऊन आले. शंभर वर्षांहून जुना हा धडा. तरी आजही कालवा काढताना लाभक्षेत्र मोजतात आणि निचऱ्याचे चर ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देतात. प्रवरेच्या जुन्या लाभक्षेत्रातली चोपण राने हे त्या ‘नंतर’चेच फळ आहे.

शेतकऱ्याच्या हातात काही नाही असे नाही. उगवणीला आणि कोवळ्या रोपाला कालव्याचे पाणी द्यावे, पीक मोठे झाल्यावर विहिरीचे. जिप्समवर मात्र डोळे झाकून पैसे घालू नयेत. ते सोडियमने बिघडलेल्या चोपण रानाला कामाचे, आणि तेही पाणी खाली निघून जात असेल तरच. नुसत्या खारवट रानाला ते टाकणे म्हणजे दुकानदाराचा फायदा. आधी विहिरीची मोटार थोडा वेळ चालू ठेवा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने विसळून भरा आणि पाणी तपासून घ्या.

निळवंडेच्या पोटचाऱ्यांच्या अंदाजपत्रकात निचऱ्याचे चर आताच धरावेत. पाणीवापर संस्थांनीही आवर्तनाच्या अर्जाबरोबर दरवर्षी विहिरींच्या पाण्याचे अहवाल मागायला सुरुवात करावी.