नेटवर्क साधनांशी निम्नस्तरीय संपर्क

संगणकाला जाळ्याशी जोडणाऱ्या नेटवर्क कार्डासारख्या साधनाची स्थिती पाहणे, त्याची मांडणी बदलणे किंवा त्यातून जाणारी माहितीची पाकिटे मूळ स्वरूपात वाचणे, ही कामे वापरणाऱ्याच्या नेहमीच्या आज्ञावलीने करणे म्हणजे निम्नस्तरीय संपर्क होय. एरवी आज्ञावली फक्त ‘सॉकेट’ मागते. कार्ड कोणते, हे तिला ठाऊक नसते.

यंत्रणा : प्रक्रियकात सर्वाधिकारी व मर्यादित अशा अवस्था असतात. परिचालन प्रणालीचा गाभा पहिल्या अवस्थेत, तर इतर आज्ञावली दुसऱ्या अवस्थेत चालतात. त्यामुळे आज्ञावलीला कार्डाशी थेट व्यवहार करता येत नाही. विंडोज एनटी (१९९३) या प्रणालीत ड्रायव्हर गाभ्यामध्ये ‘साधन-वस्तू’ निर्माण करतो व तिला बाहेरून दिसणारे पर्यायी नाव जोडतो. आज्ञावली ते नाव फाइलप्रमाणे उघडते. प्रणाली परवानगी तपासते व नंतरच नियंत्रण-आज्ञा ड्रायव्हरकडे पोहोचवते. युनिक्समध्ये बहुतेक साधने फाइलरूपात दिसतात. लिनक्समध्ये मात्र नेटवर्क कार्डाला अशी फाइल नसते. त्याच्याशी सॉकेटमार्फतच व्यवहार होतो.

विकास : भारतात १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व आयआयटी या संस्था सहभागी होत्या. प्रारंभीची संगणकीय टपालाची देवघेव दूरध्वनीवरून यूयूसीपी पद्धतीने होई. यूयूसीपी आज्ञावली मोडेमची साधन-फाइल स्वतः उघडी आणि दुसरीने त्याच वेळी ती वापरू नये म्हणून ‘कुलूप-फाइल’ करून ठेवी. पुढे अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतील मॅककॅन व जेकबसन यांनी पाकिटे गाभ्यातच गाळून हवी तेवढीच आज्ञावलीला देणाऱ्या गाळणीची माहिती १९९३ मध्ये प्रसिद्ध केली.

सुरक्षितता : ज्या परवानगीने तंत्रज्ञाला जाळ्यातील बिघाड सापडतो, तिनेच इतरांचे कूटबद्ध न केलेले संदेशही वाचता येतात. म्हणून लिनक्समध्ये कच्च्या सॉकेटसाठी विशेष अधिकार लागतो, तर विंडोज एक्सपीच्या २००४ मधील सुधारणेने अशा सॉकेटवरून टीसीपी पाकिटे पाठविण्यास मनाई केली. शिवाय ड्रायव्हर गाभ्यात चालत असल्याने त्यातील एक चूक सगळा संगणक बंद पाडू शकते. यासाठी विशेष अधिकार एका लहान सेवा-आज्ञावलीपुरताच ठेवून पडद्यावरील आज्ञावलीने तिच्याकडे मागणी करावी, ही रचना अधिक सुरक्षित मानली जाते.