थेंबाएवढा फरक

मोडनिंबहून एमआरआयसाठी सोलापूरला गेलेला माणूस परततो, तेव्हा हातातल्या पिशवीत भलीमोठी फिल्म असते आणि रिपोर्टमध्ये ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि लगेच विचारतात, “डोक्यात काही निघालं नाही, मग हा दिवसभर भिंतीकडं तोंड करून का पडतो?” माझ्या मते खरा घोटाळा इथंच होतो.

नैराश्य मेंदूत दिसतं, ही गोष्ट खरी. दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, खोलवर, समुद्रघोड्याच्या आकाराचा एकेक भाग असतो. त्याचं नाव हिप्पोकॅम्पस. नव्या आठवणी इथं मुरतात आणि ताणाच्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला आवर घालायलाही तो मदत करतो. हेच संप्रेरक फार काळ चढं राहिलं, तर तिथल्या पेशींच्या फांद्या आखडतात, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या य्वेट शेलिन यांनी १९९६ मध्ये वारंवार नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रियांचे एमआरआय तपासले. त्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता. आजारात जितके जास्त दिवस गेलेले, तितका लहान.

पण लहान म्हणजे किती? ‘एनिग्मा’ या आंतरराष्ट्रीय गटानं २०१५ मध्ये १,७२८ रुग्णांची ७,१९९ निरोगी माणसांशी तुलना केली. सरासरी फरक निघाला १.२४ टक्के. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण साडेतीन मिलिलिटरचा धरा. सलाईनच्या नळीतून वीस थेंब पडले की एक मिलिलिटर होतं. म्हणजे हा फरक एका थेंबाहूनही कमी! दोन धडधाकट माणसांत याहून कितीतरी जास्त तफावत असते. शिवाय पहिल्यांदाच नैराश्य आलेल्यांत हा फरक आढळलाच नाही. मग एकट्या माणसाच्या फिल्मवर तो कसा दिसणार?

आजार आधी की आकुंचन आधी, यावर अजून वाद आहे. मला मात्र शेलिन यांचाच २००३ चा निष्कर्ष मोलाचा वाटतो. हिप्पोकॅम्पसचा आकार जोडलेला निघाला तो उपचाराविना काढलेल्या दिवसांशी. औषध चालू असतानाच्या दिवसांशी नाही.

म्हणून फिल्म बाजूला ठेवा आणि माणसाला विचारा. झोप लागते का, जेवण जातं का, कशात जीव रमतो का, मरणाचे विचार येतात का? दोन आठवडे असंच चाललं असेल, तर मनोविकारतज्ज्ञाकडं न्या. मरणाचा विचार बोलून दाखवला, तर एक दिवसही थांबू नका. ‘टेलि मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.