‘अडतीसची ग्रिप’ नावाची वस्तू नसते

जुन्या स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरच्या मुठीचं लाकूड तडकलं, की प्रश्न ठरलेला: ‘अडतीस बोअरची ग्रिप कुठे मिळेल?’ हे म्हणजे चपलेसाठी टोपीचा घेर सांगणं झालं. बोअर नळीचा असतो. ग्रिप बसते मुठीच्या लोखंडी सांगाड्यावर.

स्मिथ अँड वेसनच्या फ्रेमना आकारानुसार अक्षरं आहेत. जे लहान, के मध्यम, एल त्याहून दणकट, एन आणखी थोराड. .38 स्पेशल या एकाच काडतुसासाठी 1930 मध्ये एन फ्रेमचं ‘हेवी ड्यूटी’ निघालं आणि 1950 मध्ये खिशात मावणारं, जे फ्रेमचं ‘चीफ्स स्पेशल’. दोन्ही ‘अडतीस’च, एकाची ग्रिप दुसऱ्यावर लावून दाखवावी कोणीतरी! .357 मॅग्नम 1935 मध्ये एन फ्रेमवर आलं, 1955 मध्ये ‘कॉम्बॅट मॅग्नम’च्या रूपाने के फ्रेमवर. उलट के आणि एल ही अक्षरं वेगळी असूनही त्यांच्या मुठीचा सांगाडा सारख्याच मापाचा आहे.

बरं, अक्षर कळलं तरी काम संपत नाही. के फ्रेमचं मॉडेल 10 घ्या. त्याची मूठ खाली चौकोनी कोपऱ्याची असते किंवा गोल कापलेली. कारखान्याने दोन्ही प्रकार विकले. गोल सांगाड्यावर चौकोनी आकाराची, खास त्यासाठी कोरलेली ग्रिप चढते. चौकोनी सांगाड्यावर गोल ग्रिप मात्र चढत नाही, लोखंडाचा कोपरा बाहेर डोकावतो. तो कानशीने घासून टाकणारे महाभागही आहेत. जुन्या वस्तूची किंमत त्याच भुशात जाते. शंका असेल त्यांनी जिम सुपिका आणि रिचर्ड नहास यांचा स्मिथ अँड वेसनवरचा कॅटलॉग उघडावा. कोणतं मॉडेल कोणत्या फ्रेमचं, ते त्यात आहे.

फ्रेम आणि मुठीचा आकार दोन्ही जुळले, तरी जुन्या लाकडी ग्रिपच्या कडेला केसभर फट राहू शकते. अशा ग्रिप कारखान्यात त्या त्या सांगाड्याशी जुळवलेल्या असत. म्हणून तर ग्रिपच्या उजव्या फळीच्या आतल्या अंगाला रिव्हॉल्व्हरचा अनुक्रमांक ठोकलेला किंवा पेन्सिलीने लिहिलेला सापडतो.

आता काही ऐकीव समज. ‘स्क्रू आवळला की फट बुजते.’ नाही, फळी चिरते. सांगाड्याच्या खालच्या पिनशी फळीचं भोक जुळत नसेल, तर आवळून काहीही साधत नाही.

‘जुनी काळी ग्रिप गटापर्चाची.’ बहुतेक वेळा ते गंधक घालून कडक केलेलं रबर असतं. उन्हात तपकिरी पडतं, वयाबरोबर ठिसूळ होतं.

‘शिंगाची ग्रिप आजही हवी तेवढी मिळते.’ अमेरिकेतल्या नामांकित शिंगी ग्रिप भारतातल्या सांबराच्या शिंगाच्या होत्या, कारण ते आतून भरीव असतं. त्या शिंगांच्या निर्यातीला आता भारतात बंदी आहे.

तेव्हा ग्रिप शोधण्याआधी सिलिंडर उघडून ते रिकामं असल्याची खात्री करा. जुन्या फळ्या काढा, उघड्या सांगाड्याचा पट्टीसकट फोटो घ्या आणि विक्रेत्याला तो पाठवा. बोअर त्याने विचारला तरच सांगा.